गणिताची पंगत

पंगतींत वाढतांना पंक्तिप्रपंच करूं नये, हा आपल्या घरांतील जुना शिरस्ता आहे. पहिल्या पानावर तुपाची धार पडली, तर ती शेवटच्या पानावरहि पडली पाहिजे. परंतु त्याच पंगतींत आजोबांच्या पानांत आणि चार वर्षांच्या नातवाच्या पानांत सारखाच भात कोणी वाढीत नाहीं. आणि तसा तो न वाढणाऱ्या गृहिणीस पक्षपाती म्हणावें, असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. ज्याच्या त्याच्या भुकेप्रमाणें वाढणें हाच तेथें समभाव असतो. स्वयंपाकघरांत इतकी उघड दिसणारी ही गोष्ट शाळेच्या वर्गांत मात्र आपल्या लक्षांत येत नाहीं. तेथें चाळीस पानें मांडलेलीं असतात, प्रत्येकावर एकच गणित एकाच वेळीं वाढलें जातें, आणि पंगत उठते तेव्हां कित्येक पानें जशींच्या तशीं राहिलेलीं असतात.

हा विचार आमच्या मनांत ठसला तो एका उन्हाळ्यांत, वाटूर येथें. जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाटूर फाटा लागतो. हें गांव परतूर तालुक्यांतलें. १९८१ सालीं जालना जिल्हा निराळा झाला, त्यापूर्वीं हा तालुका परभणी जिल्ह्यांत मोडत असे. भोंवतालची जमीन काळी. कापूस, तूर, सोयाबीन हीं तेथलीं पिकें. आमच्या नात्यांतील एका वृद्ध गृहस्थांच्या घरीं चैत्रापासून आषाढापर्यंत राहण्याचा आम्हांस योग आला. बरोबर आमचा नऊ वर्षांचा नातू होता. सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं ओसरीवर त्याचा थोडा अभ्यास घ्यावा, एवढाच आमचा संकल्प होता. पण ओसरी गांवांतली होती. दोन दिवसांत शेजारचीं दोन मुलें येऊन बसलीं, आठ दिवसांत एकंदर बारा झालीं. त्यांत एक दहा वर्षांची मुलगी व तिचा धाकटा भाऊ होता. त्यांचे आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीस गेले होते, ते नुकतेच परत आले होते. आणि मुलें अर्थातच त्यांच्याबरोबर फडावर होतीं.

मराठवाड्यांतील अनेक गांवांत ही दर वर्षाची कथा आहे. शाळेचें वर्ष जूनपासून एप्रिलपर्यंत, आणि साखर कारखान्यांचा हंगाम बरोबर त्याच्या मध्यावर. ज्या महिन्यांत वर्गांत हातच्याची वजाबाकी शिकविली जाते, त्या महिन्यांत हीं मुलें उसाच्या पाचटांत असतात. परत येतात तों वर्ग भागाकारापर्यंत पोंचलेला असतो. इतिहासाचा एक धडा चुकला तरी पुढचा वाचतां येतो. गणिताचें तसें नाहीं. तें जिन्यासारखें आहे. मधली पायरी निखळली, कीं वरच्या पायऱ्या कितीहि भक्कम असल्या तरी तेथवर पाय पोंचत नाहीं.

परंतु निखळलेली पायरी केवळ ऊसतोड्यांच्याच मुलांची असते, असें मानण्याचें कारण नाहीं. आमच्या नातवाचे पाढे तिसापर्यंत तोंडपाठ; पावकी-निमकीहि त्याच्या आजीनें हौसेनें शिकविलेली. पहिल्याच दिवशीं आम्हीं त्यास ५२ मधून २७ वजा करावयास सांगितले. त्यानें क्षणार्धांत पाटीवर ३५ लिहून आमच्याकडे अभिमानानें पाहिलें. दोहोंतून सात जात नाहींत, म्हणून त्यानें साताांतून दोन काढून टाकले होते! वरचा आंकडा कोणता व खालचा कोणता, हा भेद त्याच्या लेखीं नव्हताच. मोठ्यांतून लहान काढावयाचा, एवढेंच तो शिकला होता. फडावरून आलेली मुलगी तर असें उदाहरण लिहावयासच धजेना. म्हणजे शहरांतील नामांकित शाळेंतला मुलगा आणि वर्षांतून पांच महिने शाळेबाहेर असणारी मुलगी, दोघेंहि एकाच पायरीवर अडलेलीं होतीं. एकाचें अडणें पाठांतराखालीं झांकलेलें होतें, दुसरीचें उघडें होतें, इतकाच काय तो फरक.

सबंध देशाचा विचार केला तरी चित्र निराळें दिसत नाहीं. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकारानें २००५ सालापासून ग्रामीण भागांतील मुलांची घरोघर जाऊन पाहणी होत आली आहे. तिला 'असर' असें म्हणतात. २०२४ सालच्या पाहणींत पांचवीच्या मुलांपैकीं तीन आंकडी संख्येस एका आंकड्यानें भागूं शकणारीं मुलें शेंकडा ३०.७ निघालीं, तिसरीच्या मुलांपैकीं वजाबाकी करूं शकणारीं शेंकडा ३३.७. याचा अर्थ असा, कीं पांचवीच्या वर्गांत शिक्षक भागाकार शिकवितो तेव्हां तो कांहींजणांस आधींच येत असतो, कांहींजण त्याच्या उंबरठ्यावर असतात, आणि पुष्कळांस अजून वजाबाकीच साधावयाची असते. अशा वर्गास एकच धडा एकाच वेगानें देणारा शिक्षक कितीहि कष्टाळू असला, तरी तो कोणातरी एकाच गटाशीं बोलत असतो. बाकीचे केवळ ऐकत असल्यासारखे दिसतात.

यावर उपाय काय? वर्गाचे लहान लहान गट पाडावे, प्रत्येक गटास त्याच्या पायरीचें काम द्यावें, आणि ठराविक वेळानें गटांनीं एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर जावें. एका ठाण्यावर शिक्षक, दुसऱ्यावर वस्तू, तिसऱ्यावर खेळ, चवथ्यावर ज्याची त्याची पाटी. आज परदेशांतील प्राथमिक शाळांत या पद्धतीचा बराच बोलबाला आहे, आणि त्यामुळें ती तिकडची नवी टूम असावी असें कित्येकांस वाटतें. वस्तुतः तिचा एक धागा आपल्याच जुन्या शाळांतून गेलेला आहे. पंतोजींच्या शाळेंत सर्व वयाचीं मुलें एकत्र बसत; कोणी धुळाक्षरें गिरवीत, कोणी उजळणी म्हणत, कोणी दिडकी-अडीचकीपर्यंत पोंचलेला असे; आणि वरचा मुलगा खालच्यास सांगे. अँड्र्यू बेल नांवाचे स्कॉटिश पाद्री १७८९ मध्यें मद्रास येथील अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख झाले. तेथें एका देशी शाळेंत मुलें वाळूवर अक्षरें गिरवीत असलेलीं त्यांनीं पाहिलीं, आणि तोच प्रकार आपल्या शाळेंत सुरू करून मुलांकडूनच मुलांस शिकविण्याची रीत बसविली. १७९७ सालीं त्यांनीं लंडनमध्यें या प्रयोगावर पुस्तक छापलें, आणि 'मद्रास पद्धति' इंग्लंडांतील शेंकडों शाळांत गेली. आपल्या ओसरीवरची वस्तु विलायतेस जाऊन नवी होऊन परत येते, याचें हें एक उदाहरण आहे. अर्थात् पंतोजींच्या छडीचें समर्थन करण्याचा आमचा हेतु नाहीं, आणि त्या शाळांचे दरवाजे सर्वांस खुले नव्हते, हेंहि विसरून चालणार नाहीं.

विसाव्या शतकांत हा धागा पुन्हां हातीं आला. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें, तेव्हां माँटेसोरीचीं महागडीं साधनें खेड्यांत आणावयाचीं कोठून, हा त्यांच्यापुढें प्रश्न होता. त्यांनीं व अनुताई वाघ यांनीं शिंपले, बिया, पानें, खडे यांसच साधनें केलें. पुढें आंध्र प्रदेशांतील ऋषिव्हॅलीच्या परिसरांत पद्मनाभ राव व रमा या दांपत्यानें एकशिक्षकी खेडेगांवच्या शाळांसाठीं अभ्यासक्रमाची शिडी तयार केली. प्रत्येक पायरीस एक कार्ड. कार्डावरील चिन्ह पाहून मुलानें कोणत्या गटांत बसावयाचें तें ठरतें. कांहीं गटांत शिक्षक पूर्णपणें बरोबर असतो, कांहींत सोबती साह्य करतात, कांहींत मूल एकटेंच काम करतें. २००३ मध्यें चेन्नई महापालिकेच्या तेरा शाळांत याच धर्तीवर काम सुरू झालें, आणि कांहीं वर्षांतच ती पद्धत तमिळनाडूच्या सरकारी प्राथमिक शाळांत सर्वत्र गेली. आपल्याकडे सातारा जिल्ह्यांतील कुमठे बीटमधील जिल्हा परिषदेच्या शाळांनीं जमिनीवर आंखलेल्या आकृत्या, खडे, काड्या आणि मुलांचे लहान गट यांच्या साह्यानें जें काम केलें, तें पाहावयास राज्यभरांतून शिक्षक जात असत. २२ जून २०१५ रोजीं राज्य शासनानें 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम जाहीर केला, त्या काळांतील हें काम आहे.

गट लहान केला म्हणजेच काम भागलें, असा मात्र कोणी समज करून घेऊं नये. याविषयीं मुंबई व बडोदें येथें २००१ ते २००३ या काळांत एक चांगली परीक्षा झाली. 'प्रथम'नें वस्तींतीलच शिकलेल्या तरुण मुलींस 'बालसखी' म्हणून नेमलें. तिसरी-चवथींतील मागें पडलेलीं पंधरा-वीस मुलें ती रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसे व त्यांस मूळ पायऱ्या शिकवी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनीं या कामाचें मोजमाप केलें. या दोघांस मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चें अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांस असें आढळलें, कीं बालसखीकडे गेलेल्या मुलांची चांगली प्रगति झाली. परंतु मागें वर्गांत जीं मुलें उरलीं, त्यांचा वर्ग लहान झाला असूनहि त्यांस म्हणण्यासारखा लाभ झाला नाहीं. आमच्या मतें या सर्व प्रकरणांत लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट हीच आहे. संख्या कमी झाली आणि शिकविणें तेंच राहिलें, तर फळहि तेंच राहतें. पायरी जुळली पाहिजे.

आतां आमच्या ओसरीकडे वळूं. प्रथम आम्हीं प्रत्येक मुलास एकेकटें बसवून दहा मिनिटें बोललों. मणी मोजून दाखव, ही संख्या वाच, ही लिही, ही वजाबाकी कर, हे लाडू चौघांत वांट. परीक्षा हा शब्द उच्चारला नाहीं. नंतर ओसरीचे चार कोपरे केले. पहिल्या कोपऱ्यांत आम्ही स्वतः. तेथें त्या दिवसाची नवी गोष्ट. दुसऱ्यांत काड्या, चिंचोके आणि शंभर मण्यांची माळ. दहा मणी लाल, दहा पांढरे, याप्रमाणें ओंवलेली. तिसऱ्यांत खेळ, कवड्या टाकून सापशिडी किंवा खोटें दुकान. चवथ्यांत जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीचीं कार्डें. एका बाजूस उदाहरण, उलट बाजूस उत्तर, म्हणजे मुलानें सोडवावें आणि स्वतःच पडताळावें. एका कोपऱ्यांत तिघेंजण. पंधरा मिनिटें झालीं, कीं आमची सौ. आंतून फुलपात्रावर चमचा वाजवी आणि सर्व मंडळी पुढल्या कोपऱ्यांत जाई. तासाभरांत प्रत्येक मूल चारहि ठिकाणीं जाऊन येत असे, आणि आम्हांस प्रत्येकाशीं पंधरा मिनिटें तोंडासमोर बसून बोलतां येई. बारा मुलांस एकत्र बसवून तासभर शिकविलें असतें, तर हें साधलें नसतें.

खेळाच्या कोपऱ्यांत बसलेलीं मुलें काय बोलतात, तें कान देऊन ऐकावें. तेथेंच आम्हांस एक मोठी अडचण कळली, ती आपल्या भाषेची. कोणी 'बेचाळीस' म्हटलें, कीं दोघेजण २४ लिहीत. आधीं 'बे' ऐकूं येतें, म्हणून आधीं दोन. 'एकोणचाळीस' म्हटलें, कीं चाळिसाचा चार डोळ्यांपुढें येऊन ४९ होत. आपण मोठीं माणसें ह्या संख्या इतक्या सवयीनें बोलतों, कीं त्यांतील उलटेपणा आपणांस जाणवतच नाहीं. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'एकवीस' बरोबर 'वीस एक' असेंहि वाचन दिलें, तेव्हां महाराष्ट्रांत केवढी थट्टा झाली! गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनीं त्यामागील कारण परोपरीनें समजावून सांगितलें. भाषेच्या लयीचा प्रश्न निराळा. त्यावर मतभेद असूं शकतो. परंतु ज्यांनीं थट्टा केली, त्यांपैकीं कितीजणांनीं एखाद्या सहा-सात वर्षांच्या मुलास शेजारीं बसवून 'बेचाळीस' लिहावयास सांगितलें होतें? आम्हीं स्वतः त्या वेळीं हंसणाऱ्यांतच होतों, हें कबूल केलें पाहिजे.

दुसरी एक कबुली याहून जड आहे. आरंभीं आम्हीं गट पाडले ते कायमचे पाडले. जीं मुलें कच्चीं, तीं तिघें एकत्र. जीं पक्कीं, तीं एकत्र. सोय म्हणून केलें. परंतु चार दिवसांत मुलांनीं गटांस नांवें ठेवलीं, आणि सर्वांत खालच्या गटास काय नांव पडलें असेल, तें वाचकांनीं ओळखावें. पांचव्या दिवशीं फडावरून आलेली ती मुलगी आली नाहीं. सहाव्या दिवशींहि नाहीं. भाऊ मात्र येई. त्यास विचारलें तेव्हां तो म्हणाला, "ती म्हणती, तिथंबी शेवटालाच बसवत्यात." भुकेप्रमाणें वाढावें म्हणून निघालेले आम्ही, आणि प्रत्यक्षांत एक वेगळी पंगतच मांडून बसलों होतों. आपल्या घरांना वेगळ्या पंगतीची सवय किती पिढ्यांची आहे, हें आठवून त्या दिवशीं आम्हांस फार ओशाळल्यासारखें झालें.

आम्हीं व सौ. तिच्या घरीं गेलों, आणि दुसऱ्या दिवसापासून गट मोडले. तेव्हांपासून गट माणसांचे न ठेवतां गोष्टींचे ठेवले. आज वजाबाकी, तर वजाबाकींत जे अडतात ते एकत्र. उद्यां मापन, तर मापनांत जे अडतात ते. मुलें रोज निराळ्या सोबत्यांत बसूं लागलीं. त्या दिवशीं काड्यांच्या कोपऱ्यांत आमचा नातू आणि ती मुलगी समोरासमोर आलीं. प्रश्न तोच होता, ५२ वजा २७. दहा-दहा काड्यांचे पांच जुडगे आणि दोन सुट्या काड्या त्यांच्यापुढें होत्या. नातू पुन्हां ३५ म्हणाला. मुलगी कांहीं वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "दोनच सुट्या हैत. सात कशा देशील? मोळी सोडावं लागंल." असें म्हणून तिनें एका जुडग्याचा दोरा सोडला. बारा सुट्या काड्या झाल्या. त्यांतून सात दिल्या, पांच उरल्या. चार मोळ्यांतून दोन दिल्या, दोन उरल्या. पंचवीस. जन्मभर आम्ही ज्यास 'हातचा घेणें' म्हणत आलों, त्यास तिनें आपल्या फडावरचा शब्द दिला. उसाची मोळी बांधणें आणि सोडणें हें तिनें शेंकडों वेळां पाहिलेलें होतें. त्या सकाळपासून आमच्या ओसरीवर 'हातचा' हा शब्द मागें पडला व 'मोळी सोड' हेंच रूढ झालें. नातवानें त्यानंतर ती चूक क्वचितच केली. पाटीवरील आंकडे पाहून मात्र ती मुलगी बरेच दिवस अडखळत राहिली; काड्यांवरून कागदावर येण्यास तिला ज्येष्ठ महिना पुरा लागला.

या पद्धतीवर घेतले जाणारे आक्षेप आम्ही जाणतों. पहिला आक्षेप गलक्याचा. गलका होतो खरा. पण ती बाजाराची गजबज असते, दंग्याची नव्हे, आणि पंधरा दिवसांत मुलें हळू बोलावयास शिकतात. दुसरा, शिक्षकाच्या श्रमाचा. कार्डें करावीं लागतात, वस्तू जमवाव्या लागतात, रोज कोण कोठें अडलें याची टिपणें ठेवावीं लागतात. हे श्रम थोडे नाहींत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणें साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक असतात. दोघांनीं चार-पांच इयत्ता सांभाळावयाच्या म्हटलें, म्हणजे एक इयत्ता शिकत असतां दुसरी नुसती बसून राहते. तिनें बसून राहण्यापेक्षां एखाद्या कोपऱ्यांत कामास लागावें, हें शिक्षकाच्याहि हिताचें आहे. तिसरा आक्षेप आपल्या घरांतून येतो, आणि तो सर्वांत चिवट आहे: आमचा हुशार मुलगा कच्च्या मुलांस सांगत बसला, तर त्याचा वेळ फुकट जात नाहीं काय? आम्हीं यास आमच्या नातवाचेंच उत्तर देतों. तो सांगावयास बसला, तेव्हांच त्यास काय येत नाहीं तें आम्हांस कळलें. आणि ज्या मुलीस तो कच्ची समजत होता, तिनेंच तें त्यास शिकविलें.

आमच्या वाचक भगिनींस याची सुरुवात उद्यांपासून करतां येईल. चिंचोके घरांत असतात, जुन्या पत्रिका असतात, आणि शेजारीं मुलेंहि असतात. आपल्या मुलाबरोबर आणखी तिघांचौघांस बोलावावें; त्यांत आपल्या घरीं कामास येणाऱ्या बाईंचें मूलहि असावें. मात्र एक पथ्य पाळावें: कोणत्याहि मुलास एकाच कोपऱ्यांत फार दिवस बसूं देऊं नये.

आषाढांत आम्ही वाटूर सोडलें. शाळा तोंवर सुरू झाली होती. निघण्याच्या दिवशीं ती मुलगी भावासह फाट्यापर्यंत आली. शंभर मण्यांची माळ आम्हीं तिला दिली. तिनें तेथेंच उभ्याउभ्या, लाल-पांढरे दहा-दहा मोजीत, माळ पुरी आहे कीं नाहीं तें पाहून घेतलें. दसरा झाला, म्हणजे ती पुन्हां फडावर जाणार होती. माळ बरोबर नेशील ना, असें आम्हीं विचारलें. "नेती की," ती म्हणाली, "पण तिथं शिकवायला कोन हाय?" तेवढ्यांत जालन्याची एस. टी. आली. त्या प्रश्नाचें उत्तर आमच्यापाशीं तेव्हां नव्हतें. वाचकांपैकीं कोणापाशीं असेल, तर तें त्यांनीं फडावरच जाऊन द्यावें.